ज्या लोणीला आईबाप पळाले, तिथूनच पिल्लं घरी आली

कबुतरांची पहिली जोडी मी पुण्याजवळच्या लोणी काळभोरच्या एका काकांकडून आणली, अस्सल होमर (लांब नेऊन सोडलं तरी घरी परतणारी जात), नर निळा आणि मादी राखी. पाच महिने ढाबळीत, म्हणजे कबुतरांच्या खुराड्यात, बंद ठेवली, माझ्या हातातून दाणे खायला लागली, मला वाटलं आता आपली झाली, म्हणून एका रविवारी सकाळी दार उघडलं. गच्चीवर दोन घिरट्या मारून जी गेली ती गेलीच. तासाभरात काकांचा फोन, "ताई, तुमचे पाहुणे आमच्या पत्र्यावर येऊन बसलेत." मामाला सांगितलं (त्याची गंज पेठेत वर्षानुवर्षं ढाबळ होती) तर तो म्हणाला, "अगं, मोठा होमर आणलास की त्याला उडवायचं नसतं. त्याची पिल्लं उडवायची." काकांनी जोडी परत दिली, तेव्हापासून ती दोघं आतच, त्यांना ऊन खायला बाहेर जाळीचा मोठा पिंजरा जोडून दिलाय.

आम्ही राहतो पुण्यात, कसब्यात, गच्ची मोठी आहे. पण शेजारच्यांना आधी विचारलं आणि ते प्रत्येकाने विचारावंच, कारण २०२५ मध्ये दादरचा कबुतरखाना बंद करण्यावरून जो वाद झाला त्यानंतर लोकांना कबूतर म्हटलं की आधी आजार आठवतो. त्यांचं चुकत नाही, वाळलेल्या विष्ठेची धूळ फुफ्फुसांना खरंच वाईट, म्हणून मी रोज सकाळी मास्क लावून, थोडं पाणी शिंपडून मगच फळ्या खरवडते. मोजून बारा पक्षी आहेत. एवढ्या जागेत वीस मावतील पण दाटी झाली की आजार आलाच.

ढाबळ आठ बाय सहा फुटांची, प्लायवूड आणि पत्रा. तोंड पूर्वेला, पाठ पश्चिमेला कारण आपला पाऊस तिकडूनच झोडपतो. विटांवर दीड फूट उचललीये, नाहीतर उंदीर-घुशी. जाळी अर्ध्या इंची वेल्डमेशच घ्या, कोंबड्यांची पातळ जाळी मांजर वाकवतं. खरी महत्त्वाची जागा म्हणजे पक्षी आत यायची खिडकी. तिला वरून सुट्या तारा लोंबत सोडलेल्या असतात, बाहेरून छातीने ढकललं की आत जातात, आतून ढकललं तर खालच्या पट्टीला अडतात. पक्षी शिरला की त्या तारा खळ्ळ वाजतात. तो आवाज मी खाली स्वयंपाकघरात असले तरी मला ऐकू येतो.

अंडी दोन, सतरा-अठरा दिवस उबवतात, दिवसा नर बसतो आणि संध्याकाळपासून सकाळपर्यंत मादी. घरट्याला मातीची परळ दिली, काड्या त्यांनी माझ्या जुन्या केरसुणीच्या ओढून नेल्या. पिल्लं आठवड्याची झाली की पायात नंबराची कडी घालायची, उशीर केला तर पंजा आत जातच नाही.

महिन्याभराची झाली की खरं काम सुरू. खिडकीबाहेरच्या फळीवर छोटा जाळीचा पिंजरा ठेवायचा आणि रोज तासभर पिल्लांना त्यात बसवायचं. नुसतं बघू द्यायचं. मान वाकडी करून एका डोळ्याने आधी आभाळ बघतात, घार गेली की एकदम थिजतात, मग पाण्याची टाकी, मग शेजारचा टॉवर, सगळं टिपून घेतात. आठ-दहा दिवसांनी संध्याकाळी, उपाशी असताना पिंजरा उचलायचा, हाकलायचं नाही, घाबरवायचं तर अजिबात नाही, आणि दाण्यांचा डबा वाजवायचा. डबा वाजला म्हणजे ज्वारी, मका, हरभरा, मूग, हे त्यांना आधीपासून माहीत हवं, म्हणून पहिल्या दिवसापासून डबा वाजवल्याशिवाय दाणा टाकायचाच नाही. पोट भरलेलं कबूतर मात्र पत्र्यावरच बसून राहतं आणि अंधार पडला की मांजराच्या तोंडी.

तीन-चार महिन्यांत ती आपणहून तास-तासभर दिसेनाशी होतात. मग करंडीत घालून आधी पुलगेट, मग मगरपट्टा, मग लोणी, उरुळी कांचन, यवत. एकाच दिशेला, एकेका ठिकाणाहून दोन-तीनदा, सकाळी ऊन आल्यावर. मी सोलापूर रोड धरला कारण तिकडे सपाटी आहे, कात्रज-सिंहगडाकडे डोंगर आणि ससाणे.

लोणीला मात्र माझा जीव धाकधूक करत होता. सोडलं ते त्या काकांच्या घराजवळच, आईबापांचं घर तेच ना! पिल्लांनी एक घिरटी घातली आणि सरळ पुण्याकडे निघाली, मी ट्रॅफिकमधून गाडी घेऊन घरी पोचायच्या आधीच आईचा फोन, "सगळी आली गं." सूर्य, पृथ्वीचं चुंबकत्व, हवेतला वास अशा बऱ्याच गोष्टी ती वापरतात म्हणतात, आणि ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २००४ मध्ये दाखवलं की ओळखीच्या भागात ती चक्क हायवे धरून उडतात आणि चौकात वळतात. ओडिशा पोलिसांनी तर १९४६ पासून कित्येक दशकं त्यांच्याकडून निरोप पोचवले, १९९९ च्या चक्रीवादळात वायरलेस बंद पडलं तेव्हासुद्धा.

जानेवारीत यवतहून सगळी सोडली, एक कमी आली. सात नंबरची राखी मादी नाही. नायलॉन मांजावर २०१७ पासून बंदी आहे पण संक्रांतीच्या आसपास आमच्या पेठांवरचं आभाळ बघा एकदा. दोन दिवस मी गच्चीवरून हलले नाही, उगाच डबा वाजवत राहिले. तिसऱ्या दिवशी दुपारी टाकीवर दिसली, डावा पंख लोंबलेला. टाकीवरून पत्र्यावर, पत्र्यावरून कठड्यावर, असं पडत-झडत ती फळीपर्यंत आली, मी जवळ गेले नाही, आणि मग तारा वाजल्या.

डॉक्टरांनी चार टाके घातले. लांब ती आता उडत नाही, आणि संक्रांतीच्या आधी-नंतर मिळून महिनाभर मी कुणालाच लांब सोडत नाही. परवा तिच्या दोन्ही पिल्लांच्या पायात कड्या घातल्या.