तुम्ही विचारलंत म्हणून: सातभाई खरंच भाऊ असतात का?

"मॅडम, हे सातभाई पक्षी खरंच सात भाऊ असतात का ओ?" गळ्यात दुर्बीण अडकवून सकाळी सोलापूरच्या कंबर तलावावर फिरायला लागले तेव्हापासून आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी हे विचारतंच. "सहा असतात, दहाही असतात, आणि त्यात बहिणीही असतात," एवढं सांगून मी बरीच वर्षं सटकत आले. पण शेजारच्या काकूंनी परवा पाठ सोडली नाही. "ते असू दे. दुसऱ्याच्या पिलाला का भरवतात, ते सांग." जीवशास्त्र शिकवण्यात माझा जन्म गेला, तरी हे फाटकात उभं राहून सांगता येईना. म्हणून आता नीट लिहिते.

आधी काकूंनी काय पाहिलं ते. आमच्या दारातल्या कडुलिंबावर बेचक्यात सातभाईंचं वाटीएवढं घरटं होतं. एक पक्षी चोचीत हिरवी अळी धरून आला. घरट्यावर आधीच दुसरा कुणी भरवत होता, म्हणून हा हातभर अंतरावर रेशनच्या रांगेत थांबावं तसा थांबला. पुढचा उडाला तसा हा सरकला, अळी एका पिलाच्या घशात कोंबली, पिलाची शी चोचीत उचलली आणि लांब नेऊन टाकली. या दुसऱ्याची शेपूट तुटकी होती, त्यामुळे तो पुढेही ओळखू यायचा. घरटं एका जोडीचं, राबणारं सगळं खटलं.

यातले बरेचसे मागच्या हंगामातली पोरं असतात, म्हणजे पिलांची थोरली भावंडं. म्हणून 'भाऊ' हे नाव निम्मं तरी खरं आहे. इंग्लंडच्या हॅमिल्टन या जीवशास्त्रज्ञानं 1964 मध्ये याचं गणित मांडलं. सख्ख्या भावंडांची सरासरी निम्मी जनुकं वारशानं सारखी असतात, चुलत भावंडांची एक अष्टमांश. म्हणजे भावाला जगवलं तरी आपल्यातलंच काहीतरी पुढं जातं. मदतीनं भावाचा होणारा फायदा आपल्या तोट्याच्या दुपटीहून जास्त असेल, तर मदतीचा गुण पिढ्यानपिढ्या टिकतो. तिथलेच दुसरे जीवशास्त्रज्ञ हॉल्डेन म्हणायचे म्हणे, की दोन भावांसाठी किंवा आठ चुलतभावांसाठी मी नदीत उडी टाकीन. हे हॉल्डेन 1957 मध्ये भारतात आले, इथलेच नागरिक झाले आणि 1964 मध्येच भुवनेश्वरला वारले.

नात्यानं सगळं सुटत नाही. थव्यात बाहेरून आलेलेही असतात. शिवाय तरण्या पक्ष्याला वेगळं बिऱ्हाड थाटायला मोकळी जागा कुठे असते? सगळे पट्टे कुणी ना कुणी धरलेले. तोवर घरात राबायचं, थवा मोठा ठेवायचा, शिक्रा आला तर दहा जणांनी कालवा करायचा, आणि नंबर लागायची वाट बघायची. एकत्र कुटुंबात वाढलेल्यांना हे समजावून सांगायला नको.

मला सगळ्यात गंमत वाटते ती झहावी या इस्रायली प्राणिशास्त्रज्ञांची. इस्रायलच्या वाळवंटात सातभाईंचे भाऊबंद राहतात. त्यांच्यात वर बसून पहारा द्यायला आणि दुसऱ्याला भरवायला चढाओढ लागते, असं झहावींनी पाहिलं. त्यांचं म्हणणं, हा मानपान आहे: 'बघा, मला एवढं परवडतं.' त्याच जागी नंतर तपासणाऱ्यांना ही चढाओढ काही आढळली नाही. पण 1975 मध्ये त्यांनी मांडलेला मूळ विचार, की खरी ऐपत महागड्या दिखाव्यातूनच कळते, तो जोडीदार निवडण्याच्या बाबतीत अजून चर्चेत आहे. आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावरचा माळढोक आठवा. नर गळ्याची पिशवी फुगवून गुडघ्यापर्यंत लोंबवतो, शेपटी उभारतो, लांबवर ऐकू जाईल असा घुमतो. मादी येते, पारख करते, जाते. पुढं उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं, आणि उबवण्यापासून पिलू वाढवण्यापर्यंत सगळं तिचं एकटीचं. नराकडून तिला मिळतात ती फक्त जनुकं, म्हणून पारख तिथंच करायची. (हे वर्गात सांगितलं की मुली मुलांकडे बघून हसायच्या.) आता नान्नजला माळढोक दिसणंच मुश्कील झालंय.

"म्हणजे सगळा हिशोबच की गं," काकू म्हणाल्या. इथंच बहुतेकांची गल्लत होते. हिशोब पक्षी करत नाही. त्याला निम्मं कळत नाही न् अष्टमांश कळत नाही. घरट्यातून चिवचिवाट आला, चोच उघडी दिसली की त्याला भरवावंसंच वाटतं. ज्यांना असं वाटलं, त्यांचा वंश वाढला. ते वाटणं मात्र खोटं नव्हे. आपल्याला भूक लागते ती काय उष्मांक मोजून लागते का?

आणि पक्षी हिशोब करत नाही, याचा पुरावा आमच्याच दारात होता. पावसाच्या तोंडावर चातक येतात. आपण त्यांना पावसाचा निरोप्या म्हणून डोक्यावर घेतो, पण ही बाई सातभाईच्या घरट्यात गुपचूप अंडं टाकून जाते. सातभाईचं अंडं निळं, तिचंही निळं. 'पेरते व्हा' म्हणणारा पावशाही त्यातलाच. चातकाचं पिलू सातभाईंच्या पिलांना घरट्याबाहेर ढकलत नाही, त्यांच्यातच वाढतं.

जुलैत एक दिवस काकूंनीच हाक मारली. कुंपणाच्या तारेवर एक काळपट, लांब शेपटीचं, डोक्यावर तुरा फुटू लागलेलं पोर बसून केकाटत होतं. "अगंबाई, हे कुणाचं?"

मी उत्तर देणार तोच खालच्या पाचोळ्यातून तुटक्या शेपटीचा वर आला. चोचीत अळी होती.