नवं कापड फाडून गोधडी?

सदाशिव पेठेत आत्याकडे पोचल्यावर चहाच्या आधीच मी बॅगेतून क्विल्ट काढलं आणि दिवाणावर पसरलं. आठ महिन्यांचं काम. आत्याने चष्मा लावला, एक टोक उचललं आणि सरळ उलटं केलं. वरचे चौकोन, मी रात्री जागून जुळवलेले रंग, कशाकडे लक्ष नाही. मागच्या टाक्यांवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "सगळं नवं कापड?"

"हो."

"म्हणजे चांगलं कापड विकत आणायचं, त्याचे तुकडे करायचे आणि परत जोडत बसायचं? अगं, जुनं होईपर्यंत तरी थांबायचंस!"

इंग्लंडच्या उत्तरेला आम्ही राहतो त्या गावात हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. खरं सांगायचं तर मलाही पडला नव्हता.

माझं आणि शिवणाचं पूर्वीपासून वाकडं. शाळेत माझ्या हेमचा नमुना वर्गभर फिरवला होता, हेम कशी नसावी हे दाखवायला. त्यानंतर सुई धरली ती बटणापुरती. लक्ष्मी रोडवरून कापड आणायचं, गल्लीतल्या शिंप्याकडे मापाचा ब्लाउज टाकायचा आणि 'उद्या नक्की' ऐकत चार खेपा घालायच्या, एवढाच संबंध. परदेशात शिंपी परवडत नाही. एकदा पँट आखूड करून घेतली आणि पैसे देताना वाटलं, एवढ्यात दुसरी आली असती. म्हणून मंगळवार संध्याकाळचा क्लास लावला. कापडाच्या दुकानामागची खोली, सहा मशिनं, सहा विद्यार्थी. त्यांतले एक निवृत्त बसचालक, नातीसाठी क्विल्ट शिवणारे. शिकवणाऱ्या बाई सत्तरीच्या, आणि त्यांना नुसत्या नावाने हाक मारायची! माझ्या तोंडात ते अजून नीट बसलेलं नाही.

आईने शिवणक्लास केला होता तो ब्राउन पेपरवर. छातीचं माप, त्याचा चौथा भाग, अधिक अमुक इंच, असं गणित मांडून कटिंग काढायचं, आणि सुरुवात झबल्या-टोपड्यापासून. तिकडे पॅटर्न पाकिटात तयार मिळतो, पातळ कागदावर, एकात एक सात-आठ मापं छापलेली. आपली रेघ धरून कापायचं. सोपं वाटतं. पण आधी खरं कापड कापू देत नाहीत. स्वस्त कापडाचा कच्चा ड्रेस शिवून अंगावर बघायचा. त्या कापडाला बाई 'कॅलिको' म्हणाल्या. हातात घेतलं तर आपलं मांजरपाट! आणि कॅलिको हे नाव आलं कालिकतवरून.

माझा मांजरपाटाचा ड्रेस झकास बसला. मग फुलांचं कापड कापलं, तसंच, एकेरी पसरून, बाहीचा कागद दोनदा त्याच बाजूने ठेवून. दोन्ही बाह्या डाव्या निघाल्या. मांजरपाटाला सुलट-उलट नसते, त्यामुळे तिथे एक बाही उलटवून लावली की चूक झाकली जाते. छापील कापड झाकत नाही. मला शाळेतला तो तास आठवला आणि कान गरम झाले. बाईंनी कपाट उघडलं, आतून एक स्कर्ट काढला. त्यांनी शिवलेला पहिला. चेन आतल्या बाजूने उघडणारी. "हा मी मुद्दाम ठेवलाय," म्हणाल्या, आणि चहाचं पाणी ठेवायला गेल्या. बसचालक आजोबांनी बिस्किटांचा डबा माझ्याकडे सरकवला. त्या संध्याकाळी मी शिवण शिकायला खरी सुरुवात केली.

क्विल्टमध्ये सगळा खेळ मायेचा, म्हणजे शिवणीबाहेर सोडलेल्या जादा कापडाचा. ड्रेसला शिवणीची माया दीड सेंटिमीटर, क्विल्टला पाव इंच. आपला शिंपी ब्लाउजच्या बाजूला भरपूर माया सोडतो, कारण गिऱ्हाईक दिवाळीचा फराळ उरकून परत येणार हे त्याला ठाऊक असतं. क्विल्टमध्ये असला मोठेपणा चालत नाही. आठ चौकोनांच्या ओळीत सात शिवणी. प्रत्येकीत माया एक मिलिमीटर जास्त गेली, तर दोन्ही बाजू धरून ओळ १४ मिलिमीटरने आखडते आणि खालच्या ओळीशी जुळत नाही. इस्त्रीसुद्धा घासायची नाही, ठेवायची आणि उचलायची, नाहीतर तुकडा ताणला जातो. एका ओळीच्या शिवणी डावीकडे वळवायच्या, खालच्या ओळीच्या उजवीकडे. म्हणजे जोडताना त्या एकमेकींत खाचेसारख्या बसतात. हे पहिल्यांदा बोटांना जाणवलं तेव्हा मी एकटीच हसले.

आत्याला हे सगळं सांगितलं. तिच्या गोधडीत कापूस नाही, पट्टी नाही. खाली धोतर, मध्ये जुनी लुगडी, वर त्यातल्या त्यात बरी साडी, आणि कडेकडेने आत येत जाणारा धावदोरा. अंगणात पसरून चौघी चार बाजूंना बसायच्या. तो तर चौघींचा क्लासच होता की, फक्त फी नव्हती आणि चुकलं तर ऐकवायच्या.

छिटाची गोष्ट मात्र तिला आवडली. आपल्याकडच्या छापील सुती कापडाने इंग्लंडच्या लोकरीच्या आणि रेशमाच्या विणकरांचा धंदा इतका बसवला, की १७२१ मध्ये तिथल्या पार्लमेंटने ते वापरण्यावरच बंदी घातली. ती उठली १७७४ मध्ये. 'चिंट्झ' हा त्यांचा शब्द आपल्या छिटावरूनच गेलेला.

"आणि आता त्यांना पैसे देऊन तू ठिगळं लावायला शिकतेस," आत्या म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तुळशीबागेतून लेस आणि दोरे घेतले, पुढच्या क्विल्टसाठी खण घेतला. "आधी मिठाच्या पाण्यात भिजव, रंग सोडेल," आत्याने बजावलं. आमच्या बाईसुद्धा कापड आधी धुवून घ्या म्हणतात, मिठाचं मात्र बोलत नाहीत.

संध्याकाळी मी बाहेरून आले तर आत्या खिडकीशी बसून माझ्या क्विल्टचं एक टोक शिवत होती, लाल दोऱ्याने. "इथे टाके विरळ होते. आतला कापूस गोळा झाला असता." मशीनच्या राखाडी शिवणीशेजारी तिचा धावदोरा, तांदळाएवढा टाका, एकही वाकडा नाही.

क्विल्ट तिच्याकडेच ठेवलं. काल पाहुणे येणार होते, तर तिने ते दिवाणावर अंथरलं. उलटं.

"आत्या, सुलटी बाजू वर घाल ना."

"नवं कापड आहे. मळेल."