बोटभर गाळ

(माजी विद्यार्थिनी, दहावी १९७८)

आपल्या शाळेच्या जिन्याखाली, पाण्याच्या नळांशेजारी एक फळा होता. प्रार्थनेआधी त्यावर ‘आजच्या ठळक बातम्या’ लिहिल्या जायच्या. नववीत ते काम आमच्या तुकडीकडे आलं आणि आमच्यातल्या एका मुलानं दुसऱ्या कुणाला खडूला हात लावू दिला नाही. वर्गात सगळे त्याला ‘बातमीदार’ म्हणायचे. इथेही तेच म्हणते. आमच्या तुकडीला नाव सांगायची गरज नाही.

एका सोमवारी फळ्यावर बातमी झळकली, ‘शाळेच्या टाकीत कबूतर मरून पडले आहे.’ मधल्या सुट्टीत नळाकडे कुणी फिरकेना. मराठीच्या बाईंनी त्याला बोलावून घेतलं. रागावल्या नाहीत, एवढंच विचारलं, “तू स्वतः पाहिलंस?” पाहिलं नव्हतं. कुणाकडून तरी ऐकलं होतं. शाळा सुटल्यावर तो लोखंडी शिडीनं टाकीवर चढला. मी खाली त्याचं दप्तर धरून उभी. उतरला तेव्हा बाही खांद्यापर्यंत भिजलेली. दुसऱ्या दिवशी त्याच टपोऱ्या अक्षरात, ‘कालची बातमी चुकीची होती. टाकीत कबूतर नाही. गाळ आहे, बोटभर.’ त्या शनिवारी टाकी साफ झाली.

पुढे तो खरोखरच वार्ताहर झाला. १९८४ पासून ठाणे जिल्हा पायाखाली घातला. पालघर तेव्हा वेगळं नव्हतं, ते झालं २०१४ साली. त्यामुळे जव्हार-मोखाड्यापर्यंत सगळं त्याच्याच वाट्याला. एसटीनं जायचं, मिळेल तिथे मुक्काम करायचा, ठाण्याला परत येऊन कॉपी लिहायची आणि लोकलनं मुंबईच्या कचेरीत नेऊन द्यायची. जीव मात्र शहापूरच्या पाण्यात अडकलेला. तानसा आणि भातसा, दोन्ही धरणं त्याच तालुक्यात. तानसाचं बांधकाम तर १८९२ सालचं. पाणी मुंबईला जातं आणि मे महिन्यात तिथलेच पाडे टँकरची वाट बघत बसतात. ही बातमी तो दर उन्हाळ्यात द्यायचा. विहिरीत दोरी सोडून, गाठी मोजून, पाणी किती हात आहे ते लिहायचा. डेस्कवरून विचारणा व्हायची, “गेल्या वर्षी दिली होतीस ना?” तो म्हणायचा, “तहान या वर्षीची आहे.”

मी ठाण्याच्या नौपाड्यात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होते. २००७ च्या नोव्हेंबरात तो रक्त द्यायला आला. पाय सुजत होते, जिना चढला की धाप लागत होती. दुपारी क्रिएटिनिनचा, म्हणजे किडन्या किती काम करताहेत ते सांगणारा आकडा आला ९.४. एकच्या आसपास असावा लागतो तो. मी नमुना पुन्हा लावला. तेच. रक्तदाब त्यानं कधी मोजला नव्हता आणि डोकं दुखलं की वेदनाशामक गोळी, हे वर्षानुवर्षं चाललेलं. रोज शंभर जणांचे नमुने हाताळणारी मी. त्याला एकदाही ‘चल, बीपी बघू’ म्हणाले नाही. हे मला अजून डाचतं.

मग डायलिसिस. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. डाव्या मनगटाशी फिस्टुला केला होता, म्हणजे धमनी आणि शीर एकमेकींना जोडलेली. “बोट ठेव इथे,” तो म्हणाला. कातडीखाली थरथर लागली. कोपरीच्या पुलावर उभं राहिलं की खालून लोकल जाताना पायांना लागते तशी. दिवसाला पाणी एक लिटर, त्यातच चहा, ताक, आमटी. शहाळं बंद. भाज्या उकडायच्या आणि वरचं पाणी फेकून द्यायचं. त्याच्या बाटलीवर चिकटपट्टीच्या खुणा होत्या; घोट घेतला की बाटली उजेडात धरून खूण बघायची. एकदा जुलैत चरईला त्याच्या घरी गेले, तर पाऊस कोसळत होता आणि हा गॅलरीतून दोन्ही हात बाहेर काढून उभा. ओंजळ भरली. तोंडाशी नेली, ओठ भिजवले आणि उरलेलं पाणी कुंडीत ओतलं. माझ्याकडे न बघता म्हणाला, “पंचवीस वर्षं हंड्यांच्या रांगा लिहिल्या गं. तहान मला ठाऊकच नव्हती.”

घरात किडनी देण्याजोगं कुणी निघालं नाही. पत्नीला मधुमेह, भावाचा रक्तगट जुळेना. कुणीतरी पैसे मोजून ‘सोय’ करून देतो म्हणत आला होता. अवयवांच्या खरेदी-विक्रीला बंदी घालणारा १९९४ चा कायदा याला तोंडपाठ. दारातूनच परत पाठवला. मृत दात्यांच्या अवयवांचं वाटप बघणाऱ्या झोनल ट्रान्सप्लांट को-ऑर्डिनेशन सेंटरच्या यादीत नाव लागलं. एका रात्री बोलावणं आलं, हा बॅग घेऊन गेला आणि सकाळी परतला. दोघांना बोलावलेलं असतं, पहिल्याचं जुळलं. मला वाईट वाटलं. तो म्हणाला, “त्याला मिळाली, ही बातमी चांगली आहे.”

२०१० च्या मे महिन्यात पुन्हा फोन आला आणि तेव्हा मिळाली. तिसऱ्या आठवड्यात माझ्याच लॅबमध्ये क्रिएटिनिन आलं १.२. तो कागद मी कितीतरी वेळ हातात धरून बसले होते. आता दिवसाला तीन लिटर पाणी प्यायचा हुकूम होता.

देणाऱ्याचं नाव सांगत नाहीत. ते कुटुंब मुंबईचं की आणखी कुठलं, तेही नाही. याला शोधणं अवघड नव्हतं. अपघाताच्या बातम्या आतल्या पानावर चार ओळींत कशा येतात, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? घरी आल्यावर साठलेले पेपर पुढ्यात आले, तेव्हा त्यानं ऑपरेशनच्या आगेमागेचे तीन दिवस गठ्ठ्यातून काढले आणि न उघडता रद्दीत दिले. त्याच्या पत्नीनं हे मला सांगितलं. आयुष्यभर ‘कोण, कुठे, कधी’ विचारत फिरलेला माणूस इथे थांबला, याची मला फार मोठी किंमत वाटते.

आपल्या शाळेनं २०१५ साली ६ जानेवारीला, पत्रकार दिनी, त्याला नववीच्या मुलांसमोर बोलायला बोलावलं होतं. वृत्तपत्रांपेक्षा अवयवदानावरच जास्त बोलला. एका मुलीनं उठून विचारलं, “काका, हृदय चालू असतं, तर माणूस गेलाय हे कशावरून?” तो इतका खूश झाला! मग सावकाश सांगितलं. मेंदूचा बुंधा मेला की श्वास परत येत नाही, तो यंत्रावरच चालतो. चार डॉक्टर तपासतात, त्यात प्रत्यारोपण करणारा एकही नसतो. कमीत कमी सहा तासांनी पुन्हा सगळं तपासतात. मग नातेवाइकांना विचारतात, आणि ते ‘हो’ म्हणाले तरच. “एकदा बघून कुणी लिहीत नाही,” तो म्हणाला. मी मागच्या बाकावर होते. मला टाकीची शिडी दिसली.

सर्वपित्रीला किडनी देणाऱ्याचं तर्पण करावं असं घरचे म्हणाले, तर म्हणे, “तिथी ठाऊक आहे, नाव-गोत्र ठाऊक नाही. हिंदू की मुसलमान, तेही नाही.” म्हणून दर मे महिन्यात त्याच तारखेला तो घराखाली पाणपोई लावायचा. दोन माठ, वर ओलं फडकं, पितळी ओगराळं. पाणपोईवर ‘यांच्या स्मरणार्थ’ लिहिलेलं असतं, तिथे यानं शाळेतली दगडी पाटी टांगली होती. तिच्यावर खडूनं एकच शब्द असायचा, ‘पाणी’.

एप्रिल २०२१ मध्ये तो गेला. प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबून ठेवणाऱ्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. कोविडपुढे त्याचं शरीर टिकलं नाही. नेत्रदानाचा अर्ज त्यानं कधीच भरून ठेवला होता. कोविडमुळे डोळेही घेता आले नाहीत.

पाणपोई त्याची मुलगी लावते. आता बाबांचं नाव घाला, असं सोसायटीतल्या दोघातिघांनी सुचवलं. या मे महिन्यात मी गेले तेव्हा ती माठाच्या तळाशी हात घालून बघत होती, गाळ बसलाय का ते. मग हात पुसून तिनं खडू माझ्याकडे दिला. “मावशी, तुमचं अक्षर त्या फळ्यावरचं आहे,” म्हणाली. खरं तर फळ्यावर मी कधीच लिहिलं नव्हतं. पाटी ओल्या फडक्यानं पुसली आणि ‘पाणी’ लिहिलं. तेवढ्यात एक डिलिव्हरीवाला पोरगा गाडी लावून आला, ओगराळ्यानं दोनदा पाणी प्याला आणि बाटली भरून घेऊन गेला.