सेंटर हाफ आस्सी

बेर्गेडोर्फ स्टेशनाबाहेरून सुटणारी बस भाजीचे मळे आणि फुलांची काचघरं मागे टाकत नॉयेनगामला जाते. हा हॅम्बर्गचाच भाग आहे. माझ्या घरापासून तासाभराचं अंतर असूनही इथे राहायला आल्यावर चार वर्षं मी तिकडे गेले नव्हते. गेल्या महिन्यात गेले, ती एका फुटबॉलपटूसाठी.

आस्ब्यॉर्न हाल्व्हर्सन हे त्याचं नाव, पण नॉर्वेत आणि हॅम्बर्गमध्ये सगळे त्याला 'आस्सी' म्हणायचे. माझी त्याच्याशी ओळख झाली ती कामामुळे. मी इथे एका शिपिंग कंपनीत जहाजांच्या कागदपत्रांचं काम करते. जेवणाच्या सुट्टीत एक वयस्कर सहकारी म्हणाले, "तुम्ही फुटबॉलच्या गावच्या ना? मग आस्सी माहीत हवा. तोही आपल्यासारखाच जहाजांच्या धंद्यातला." मी कोल्हापूरची. बाबा त्यांच्या तालमीच्या संघाकडून हाफ, म्हणजे मधल्या फळीत, खेळायचे आणि शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून मला सांगायचे, "गोल मारणाऱ्याला पेठ खांद्यावर घेते, पण मॅच हाफ खेळवतो." आस्सी सेंटर हाफ होता हे कळलं आणि मी त्या माणसाच्या मागेच लागले.

जन्म 1898 चा, गाव सार्प्सबोर्ग. 1917 मध्ये सार्प्सबोर्गने नॉर्वेचा कप जिंकला तेव्हा तो अजून एकोणीसचाही नव्हता. पुढे देशाकडून 19 सामने खेळला. 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकच्या नॉर्वे संघात तो होता. तिथे नॉर्वेने ग्रेट ब्रिटनला 3-1 ने हरवलं, त्याआधीच्या दोन ऑलिंपिकचं सुवर्ण जिंकलेल्या ब्रिटनला! दुसऱ्याच दिवशी चेकोस्लोव्हाकियाने नॉर्वेला 4-0 ने धुतलं, ही गोष्ट वेगळी.

1921 मध्ये तो हॅम्बर्गला आला. फुटबॉलचे पैसे जर्मनीत तेव्हा मिळत नसत. तो आला नोकरीसाठी, जहाजांच्या दलालीच्या धंद्यात, आणि उरलेल्या वेळात हॅम्बर्गर एसव्ही या क्लबकडून खेळू लागला. तेव्हाचा सेंटर हाफ आजच्यासारखा बचावात उभा राहत नसे. मागे दोन, मध्ये तीन, पुढे पाच अशी मांडणी असायची आणि त्या तिघांमधला मधला म्हणजे सगळ्या संघाचा कणा. समोरच्याचा हल्ला तोडायचा त्याने आणि आपल्या पाच फॉरवर्डना चेंडू पुरवायचा तोही त्यानेच. आस्सीने हे काम बारा वर्षं केलं.

1922 ची जर्मन विजेतेपदाची फायनल ऐकून माझा विश्वासच बसेना. समोर न्युर्नबर्ग, मैदान बर्लिनचं. 2-2 अशी बरोबरी झाली, जादा वेळ संपला तरी निकाल लागेना, आणि शेवटी 189 मिनिटांनी अंधार पडला म्हणून खेळ थांबवावा लागला. ऑगस्टमध्ये लाइपझिगला सामना परत झाला, तोही 1-1. न्युर्नबर्गची काही माणसं बाहेर काढलेली, काही जखमी. सातच उरले तेव्हा पंचांनी खेळ बंद केला. विजेतेपद आधी हॅम्बर्गला दिलं गेलं, मग बराच वाद होऊन क्लबने त्यावरचा हक्क सोडला. त्या वर्षी जर्मनीला विजेताच नाही. पुढच्याच वर्षी मात्र ओबरशोनेवायडेच्या युनियनला 3-0 ने हरवून हॅम्बर्गने कप आणला आणि 1928 मध्ये बर्लिनच्या हेर्टाला 5-2 ने हरवून दुसरा. दोन्ही वेळा मध्ये आस्सी आणि पुढे सेंटर फॉरवर्ड ओट्टो हार्डर.

हार्डरचं टोपणनाव 'टुल'. टॉटनहॅमकडून खेळलेल्या वॉल्टर टुल या कृष्णवर्णीय इंग्लिश खेळाडूवरून ते पडलं होतं. हार्डरने जर्मनीकडून 15 सामन्यांत 14 गोल केले. त्याच्या नावाने इथे लोक वेडे व्हायचे. त्याच्या कित्येक गोलांचा चेंडू आस्सीच्या पायातून निघालेला असणार, हे बाबांची मुलगी म्हणून मला सांगावंसं वाटतं.

हार्डर 1932 मध्ये नाझी पक्षात गेला आणि 1933 मध्ये एसएस या नाझींच्या निमलष्करी दलात. त्याच 1933 मध्ये आस्सी नॉर्वेला परतला.

तिथे तो फुटबॉल संघटनेचा सचिव झाला आणि राष्ट्रीय संघ घडवण्याचं कामही त्याच्याकडे आलं. 1936 चं ऑलिंपिक बर्लिनला होतं. जर्मनीने लक्झेंबर्गला 9-0 ने हरवलं होतं, पुढचा सामना नॉर्वेशी. 7 ऑगस्टला पोस्टस्टाडियनमध्ये सुमारे 55 हजार लोक होते आणि खुद्द हिटलर खेळ बघायला आला होता. जर्मन फुटबॉल आस्सीला आतून माहीत होता, बारा वर्षं तो त्यातच वाढला होता. सातव्या मिनिटाला मागनार इसाकसेनने गोल केला आणि शेवटाकडे दुसराही त्यानेच. 2-0. हिटलर सामना संपायच्या आत उठून गेला. उपांत्य सामन्यात इटलीने जादा वेळेत 2-1 ने हरवलं, पण आर्ने ब्रुस्तादच्या तीन गोलांवर पोलंडला 3-2 ने नमवून नॉर्वेने कांस्य मिळवलं. नॉर्वेत तो संघ आजही 'कांस्य संघ' म्हणूनच ओळखला जातो. दोन वर्षांनी वर्ल्ड कपमध्ये मार्सेलला परत इटली, परत जादा वेळ, परत 2-1. तो वर्ल्ड कप इटलीनेच जिंकला.

एप्रिल 1940 मध्ये जर्मन फौजा नॉर्वेत घुसल्या. वर्षाअखेरीस खेळांच्या संघटना नाझींनी ताब्यात घ्यायला सुरुवात केली, तेव्हा नॉर्वेच्या खेळाडूंनी खेळणंच थांबवलं. सरकारी स्पर्धा रिकाम्या स्टँडसमोर होऊ लागल्या. या बहिष्काराच्या मागे असलेल्या माणसांत आस्सी होता. फुटबॉल हेच ज्याचं सगळं आयुष्य, त्याने लोकांना सांगायचं की खेळू नका. मला या गोष्टीपाशी थांबावंच लागतं. बाबांच्या तालमीवर एका हंगामात बंदी आली होती, तेव्हा ते संध्याकाळी दारात नुसते बसून राहायचे, ते आठवतं. इथे तर वर्षानुवर्षांचा प्रश्न होता आणि बंदी आपणच आपल्यावर घालून घेतलेली.

1942 च्या ऑगस्टमध्ये त्याला पकडलं. आधी ओस्लोजवळचा ग्रीनीचा तुरुंग, मग 1943 मध्ये अल्सासच्या डोंगरातली नात्झवायलरची छळछावणी. तिथे नेलेल्या नॉर्वेच्या कैद्यांना पत्र पाठवायची मुभा नव्हती आणि घरच्यांना त्यांचा पत्ता कळू द्यायचा नाही असाच हुकूम होता. पुढे आणखी छावण्या, उपासमार, आजारपणं. 1945 च्या वसंतात स्वीडिश रेड क्रॉसने स्कँडिनेव्हियाच्या कैद्यांना एकत्र आणून पांढऱ्या बसमधून घरी न्यायला सुरुवात केली. एकत्र आणायचं ठिकाण होतं नॉयेनगामची छळछावणी. ज्या शहराने त्याला डोक्यावर घेतलं, त्याच शहराच्या वेशीवर तो मरणाच्या दारातून आला.

आणि याच नॉयेनगाममध्ये टुल हार्डर एसएसचा पहारेकरी होता. आस्सी तिथे पोचेपर्यंत त्याची बढती होऊन बदली झाली होती. 1944 च्या नोव्हेंबरपासून हानोफरजवळच्या आलेम छावणीचा तो प्रमुख होता. युद्धानंतर ब्रिटिश लष्करी कोर्टाने त्याला 15 वर्षांची शिक्षा दिली, पण 1951 मध्येच तो सुटला. 1974 च्या वर्ल्ड कपच्या वेळी हॅम्बर्गच्या एका सरकारी पुस्तिकेत आदर्श खेळाडू म्हणून त्याचा फोटो छापला गेला. चूक लक्षात आल्यावर ते पान काढावं लागलं.

नॉयेनगाममध्ये विटांचा कारखाना अजून उभा आहे. त्यासाठीची माती कैद्यांनी हातांनी खणली. इथे आणि इथल्या उपछावण्यांत किमान 42,900 माणसं मेली. मृतांची नावं कापडाच्या लांब पट्ट्यांवर लिहून एका खोलीत टांगली आहेत. मी तिथे बराच वेळ उभी होते. त्यांत आस्सी नाही, कारण तो वाचला.

रात्री बाबांना फोनवर 1923 च्या विजेत्या संघाचा फोटो पाठवला. अकरा तरुण, एकाच रंगाचे शर्ट. बाबांनी आधी विचारलं, "यातला हाफ कोण?" मी दाखवला. मग सगळं सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. शेवटी म्हणाले, "त्या दुसऱ्याला पास दिले असतील गं यानं. किती दिले असतील."

आस्सी परत आल्यावर सचिवाच्या त्याच खुर्चीत बसला. 1948 मध्ये नॉर्वेत मुख्य लीग सुरू झाली, तिच्या मागे त्याचे कष्ट होते. छावण्यांनी पोखरलेली तब्येत काही पुन्हा सावरली नाही, पण फिरणं त्याने सोडलं नाही. 1955 च्या जानेवारीत तो ध्रुववृत्ताच्याही वर, नार्विकला गेला होता. सूर्य जेमतेम क्षितिजावर डोकावतो असे तिथले ते दिवस. 16 तारखेला तिथेच तो गेला. वय 56.