चार दिवस ऑफलाइन

"आई, खालचं बारीक भोक दिसतंय का? त्यात पिन घाल आणि दहापर्यंत मोज."

"मोजले. आता काहीतरी टुंग वाजलं."

मी पुण्यात, आई सांगलीत. आज सकाळी ॲप उघडलं तर हॉलमधला कॅमेरा ऑफलाइन. आधी अडाप्टर बदलून बघितला, मग रीसेट. कॅमेरा पुन्हा वायफायला जोडायला ॲपमधल्या क्यूआर कोडचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला. तिनं फोन कॅमेऱ्यासमोर आरशासारखा धरला. तोवर कोडची मुदत संपलेली. असं तीनदा.

शेवटी कळलं, बुधवारी केबलवाल्या पोरानं नवा राउटर बसवला होता आणि त्यावर फक्त ५ गिगाहर्ट्झचं वायफाय चालू ठेवलं होतं. आमच्या कॅमेऱ्याला २.४ गिगाहर्ट्झच समजतं. फोन, टीव्ही सगळं मस्त चालू, म्हणून कुणाला शंकाच आली नाही. शेजारच्या दादांनी सेटिंगमध्ये जाऊन २.४ चालू केलं, त्याला जुनंच नाव नि पासवर्ड दिला, आणि नवा कोड लगेच कॅमेऱ्याला दाखवला. पाच मिनिटांचं काम!

चित्र आलं. आई पदर नीट करत म्हणाली, "म्हंजे बुधवारपासून बंदच होता होय? मग मी उगाचच रोज गाऊन बदलून साडी नेसून बसले इथं."

मी हसले. तीही हसली.

पण कॅमेरा चोरांसाठी लावला होता ना? आणि बुधवार ते रविवार मी एकदाही बघितलं नव्हतं, हे तिला या दुरुस्तीतच कळलं.

तुमच्याकडे कॅमेऱ्यासमोर कोण साडी नेसून बसतं?