कासला जाऊन गुडघे टेकले

साताऱ्याजवळच्या कास पठारावरच्या रानफुलांचे फोटो काढायला सांगलीहून पहाटे चारला निघालो, मी आणि मावसभाऊ, पेठ नाक्याला हायवे धरला, कराडच्या पुढं चहा मारला आणि सातच्या आधी साताऱ्यात. मागल्या वर्षी रविवारी गेलेलो तेव्हा गाडी लांबच लावायला लावली, पुढं बसने, आणि वर फुलांपेक्षा सेल्फीवाले जास्त. म्हणून यंदा रजा टाकून मंगळवार धरला, सप्टेंबरचा दुसरा आठवडा. जाणार असाल तर मधलाच वार धरा, आणि ऑनलाइन बुकिंग घरूनच करून निघा, रोज किती लोक सोडायचे याला मर्यादा असते आणि वर गेल्यावर मोबाईलला रेंज मिळेलच असं नाही.

यवतेश्वरचा घाट चढून साताऱ्यापासून कास साधारण २५ किमी. घाटात एसी बंद करा आणि काचा खाली घ्या, नाहीतर कॅमेरा बाहेर काढला की लेन्सवर वाफ धरते आणि पहिली वीस मिनिटं पुसण्यात जातात. आमची गेली.

वर पोचलो तर काय, धुकं. दहा फुटांवरचं दिसेना. माझ्या डोक्यात ते फोटो, लांबपर्यंत पिवळं-गुलाबी पसरलेलं, त्यासाठी वाइड लेन्स लावून तयार, आणि समोर नुसती पांढरी भिंत. तासभर असाच उभा. तिथं देखरेखीला आसपासच्या गावातल्या बाया असतात, त्यातल्या एक मावशी शेवटी म्हणाल्या, "ओ दादा, लांब काय बघताय, पायाकडं बघा की." बघितलं तर बुटापासून वीतभर अंतरावर सीतेची आसवं, निळसर जांभळी फुलं, नखाएवढी. मावशी नसत्या तर पुढचं पाऊल त्यावरच पडलं असतं.

मग गुडघ्यावर बसलो ते साडेदहापर्यंत उठलोच नाही.

कासचा सगळा खेळ या जांभ्या दगडावर आहे. माती बोटभर, पावसात चिकचिक, उन्हाळ्यात कोरडं ठाक, आणि नत्र जवळजवळ नाहीच. त्यामुळं मोठी झाडं टिकत नाहीत आणि बारक्या वनस्पतींना मोकळं रान मिळतं. सीतेची आसवं दिसायला इतकी नाजूक पण मुळाजवळ बारीक फुगे असतात त्यात पाण्यातले जीव ओढून खातात, दवबिंदू नावाच्या रोपाच्या पानांवर चिकट थेंब असतात त्याला किडे चिकटतात. दवबिंदूचा फोटो घेताना सूर्य समोर ठेवा, म्हणजे थेंब दिव्यासारखे पेटतात, सूर्य आपल्या पाठीशी घेतलात तर नुसतं तांबडं गवत दिसेल.

गेंद म्हणजे पांढरं, बटणासारखं गोल फूल, त्याचं उलट. ओल्या काळ्या दगडावर दोनचार गेंद असले की कॅमेरा काळं बघून जास्त उजेड घेतो आणि गेंद फटफटीत पांढरे होतात, तिथं एक स्टॉप कमी करा, म्हणजे उजेड निम्मा. फ्रेमभर गेंदच असतील तर तो त्यांना राखाडी करून टाकतो, तिथं वाढवा. हे मी घरी आल्यावर शिकलो, निम्मे फोटो डिलीट करताना.

अकराला धुकं फाटलं आणि मग तेरडा, सोनकी, ती मिकी माउससारखी दिसणारी कवळ्याची फुलं, सगळं एकदम उघडं पडलं. तो गालिच्याचा फोटो मिळाला, नाही असं नाही. पण घरच्यांना दाखवला तर म्हणे हा तर व्हॉट्सॲपवर येतोच की. पायवाट सोडून आत शिरू नका, बारकं रोप एकदा तुडवलं की संपलं, आणि कडेला बसून जे मिळतं तेच खूप आहे. बसायला प्लास्टिकचं खताचं पोतं न्या, भारीतल्या मॅटपेक्षा बरं. ऊन कडक झालं तर भावाला छत्री धरून उभा करायचा, पांढरी छत्री असेल तर उत्तम.

एकाच फेरीत सगळं मिळेल या भ्रमात राहू नका. जून-जुलैला चवर आणि डबक्यात वायतुरा, ज्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे, ऑगस्टला पांढरं-जांभळं, सप्टेंबरला गुलाबी-पिवळं. टोपली कारवीचं तर सात वर्षांनी एकदा, तेव्हा तिच्यासाठी रजा टाकताना आधी चौकशी करा. परतताना वेळ असेल तर सज्जनगडाच्या रस्त्याने ठोसेघर आणि पुढं चाळकेवाडी, पवनचक्क्यांखाली सोनकी, तिथं ती वाइड लेन्स कामाला येते.

आणि फुलं संपली की कॅमेरा कपाटात टाकणारे लोक मला कळत नाहीत. डिसेंबरात आमच्या सांगलीत आयर्विन पुलावरनं सकाळी सातला कृष्णेवरचं धुकं बघा, त्याच दिवसांत उसाला तुरे येतात, संध्याकाळच्या तिरप्या उन्हात नुसती चांदी. फेब्रुवारीला हळद काढून शिजवायला लागतात, कढईची वाफ, धूर आणि वाळत घातलेली पिवळी रास. रानात शिरायच्या आधी मालकाला राम राम घाला, बहुतेकदा तो चहा पाजतो आणि वर म्हणतो माझा नको, बैलाचा काढा.

एक राहिलंच. जमिनीलगत ट्रायपॉड चालत नाही म्हणून कॅमेऱ्याखाली टेकायला मी कापडी पिशवीत किलोभर ज्वारी भरून नेली होती. झकास बसतो कॅमेरा, कसाही वळवा. फक्त कासच्या पावसात ती भिजली, आणि मी आल्यावर बॅग तशीच कोपऱ्यात ठेवून दिली. चार दिवसांनी वास आला म्हणून बायकोने उघडली तर ज्वारीला मोड. आता त्यात थर्माकोलचे मणी भरलेत.