एका मिनिटाच्या मशीनपाशी साडेसहा तास: लातूरला सोयाबीन नेताना

‘एका मिनिटात तपासणी, तीही मोफत.’ लातूरच्या एका खासगी गोदामाच्या गेटवर असा फ्लेक्स आहे. मी पावणेसातला त्या फ्लेक्सखाली उभा होतो. रिपोर्ट हातात पडला सव्वाएकला, आणि तपासणीचे साडेसातशे रुपये गेले ते वेगळेच. औशाकडून या आठवड्यात माल घेऊन निघणार असाल तर आधी हे वाचा.

माल होता २२ क्विंटल, पन्नास-पन्नास किलोचे ४४ कट्टे. चाळणी मारलेली, चार उन्हं दिलेली. गावातल्या दुकानदाराच्या मीटरवर हवा ११.४ आली होती. (बाहेरच्यांसाठी: आमच्याकडे ओलाव्याला हवा म्हणतात.) २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ होता, तरी सरकारी केंद्रावर नंबर लागेपर्यंत थांबायची सोय नव्हती, म्हणून खुल्या बाजारात ४,४०० ला निघालो. चुलतभाऊ म्हणाला, “१५ टक्क्यांपर्यंत हवा चालते, घाबरू नको.” ती सवलत २०२४ च्या हंगामात केंद्राने सरकारी खरेदीला दिली होती. व्यापाऱ्याला तिचं काय? त्याचा हिशेब १०-२-२ चा: हवा दहा, माती दोन, डागी दोन. त्याच्या वर गेलात की टक्क्याला क्विंटलमागे किलो कापला.

रस्ता चांगला आहे. त्यावर अजून लिहिण्यासारखं काही नाही.

आता मुद्द्याचं. त्या गोदामात दोन यंत्रं आहेत आणि लोक दोघांना एकच समजतात. कॅमेऱ्याचं मशीन ट्रेवर दाणे पसरून फोटो काढतं आणि रंग, आकार पाहून प्रत्येक दाण्याला अख्खा, डाळ झालेला, डागी, बारीक, कचरा असं खातं देतं. त्याला हवा कळत नाही. हवा मोजतो वेगळा मीटर. तो दाण्यांतून वीज कशी वागते त्यावरून ओलाव्याचा अंदाज बांधतो, आणि प्रत्येक पिकासाठी त्याचं गणित वेगळं असतं.

माझा पहिला आकडा आला १४.१! घरच्यापेक्षा २.७ ने जास्त. २२ क्विंटलवर साठ किलोच्या आसपास जास्तीची कटती, म्हणजे सव्वीसशे रुपये हवेत. मी म्हटलं परत लाव. मशीनवरचा पोरगा म्हणाला, “काका, कॉम्प्युटर खोटं बोलत नाही.” मी वाकून स्क्रीन बघितली, तर वर पिकाचं नाव होतं हरभरा. आदल्या गाडीचं सेटिंग तसंच राहिलेलं. बदलून लावल्यावर १२.८. तरीही जास्तच. इथे चूक माझी होती. पहाटे चारला ताडपत्री न टाकता निघालो, वरच्या कट्ट्यांवर दव पडलेलं, आणि नमुना नेमका वरचाच. गार, दमट दाणे मीटरला घातले की आकड्याचा भरवसा नाही. कट्टे उन्हात उघडून ठेवले आणि अकरानंतर तिसऱ्यांदा लावलं, तेव्हा ११.९ आलं. तो मी मान्य केला. खरा निकाल हवा असेल तर प्रयोगशाळेत नमुना तोलून, भट्टीत वाळवून परत तोलतात. गेटवर ते कोण करणार?

कॅमेऱ्याची गंमत याहून वाईट. मातेरं ४.२ टक्के दाखवलं. मशीनला दोष देण्याआधी परखी (कट्ट्यात खुपसून नमुना काढायची टोकदार नळी) कुठे मारली ते बघा. कॅमेऱ्याच्या नमुन्यासाठी हमालाने शेवटच्या एकाच कट्ट्याच्या बुडात मारली होती. गाडीच्या हादऱ्यांनी सगळी धूळ आणि ढेकळाचा चुरा खालीच बसतो. मशीन चोख असेल, पण ते फक्त ट्रेवरच्या मूठ-दोन मुठी दाण्यांबद्दल बोलतं, तुमच्या ४४ कट्ट्यांबद्दल नाही. मी भांडून आठ कट्ट्यांतून वर, मध्ये, खाली असा माल काढायला लावला. तो ताडपत्रीवर कालवला, ढिगाचे चार भाग केले, समोरासमोरचे दोन घेतले, परत कालवले. मग १.९. तोच माल, तेच मशीन. मागच्या गाड्यांनी शिव्या घातल्या. घालू द्या.

पैशांचं. मोफत तपासणी फक्त ‘पहिल्या लॉटला’, आणि हे फ्लेक्सवर मुंगीएवढ्या अक्षरांत. सातबारा तिघांच्या नावावर म्हणून माझ्या एका पिकअपचे तीन लॉट केले. पहिला लॉट फुकट धरायचा तर तोही नाही, कारण फेरतपासणी मागितली की सवलत जाते म्हणे. तीन लॉट आणि दोन फेरतपासण्या, प्रत्येकी दीडशे. चूक त्यांच्या सेटिंगची आणि फी माझी. त्यातल्या एकीचे दीडशे तरी परत द्या म्हणून अर्धा तास घालवला, मिळाले नाहीत. यावर मी अजून शांत झालेलो नाही, तेव्हा पुढचं वाचताना तेवढं धरून चला.

माझं मत विचाराल तर मशीन हवंच. पूर्वी आडत्या मूठभर दाणे तळहातावर घेऊन, एखादा दाताखाली फोडून, ‘हवा आहे मालात’ म्हणायचा. त्याच्याशी वाद कसला घालणार? आकड्याशी घालता येतो. ई-नाम, म्हणजे केंद्राचा शेतमालाचा ऑनलाइन बाजार, २०१६ ला सुरू झालं तेव्हाही कल्पना हीच होती की नमुना तपासून रिपोर्ट टाकायचा आणि लांबच्या खरेदीदाराने माल न बघता बोली लावायची. पण नमुना घेताना तुम्ही तिथे उभे नसाल तर त्या रिपोर्टला माझ्या लेखी किंमत नाही. जेवायला, चहाला, लघवीला, कुठेही गेलात की परखी लागलीच समजा.

पहाटे नेऊ नका, नऊनंतर पोचा. ताडपत्री टाका. घरच्या मीटरचा आकडा तारखेसह लिहून घ्या आणि त्याच मालाचा अर्धा किलो हवाबंद डब्यात सोबत ठेवा. आकडा फार वेगळा आला तर तोच डबा त्यांच्या मीटरला लावायला सांगा. स्क्रीनवरच्या पिकाच्या नावाचा मोबाइलवर फोटो काढा. एकटे जाऊ नका, एक माणूस कट्ट्यांपाशी आणि एक मशीनपाशी हवा.

तोलाई, हमाली, पट्टी हे सगळं नंतर अर्ध्या तासात झालं. पिकअपवाल्याशी थांबण्याचे पैसे मात्र आधी ठरवून घ्या. माझ्याकडून त्याने बारानंतरचे तासाला दोनशे घेतले, आणि मला काही बोलता आलं नाही. तोही पहाटेपासून माझ्यासारखाच उपाशी होता.